मास्तरांचा चष्मा

प्रत्येक माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, की त्या क्षणी तो स्वतः बोलत नाही. त्याच्या तोंडून त्याच्या पिढ्या बोलतात. माझ्या तोंडून त्या एका गुरुवारी संध्याकाळी सव्वापाच वाजता, जर्मनीतल्या येना शहराच्या ट्राममध्ये बोलल्या. त्या वेळी माझ्या तोंडात अर्धं ब्रेत्सेल, म्हणजे इथला वेढ्यावेढ्यांचा खारा पाव, होतं. त्यामुळे पिढ्यांचं म्हणणं समोरच्याला नीट ऐकू गेलं नाही आणि त्यांना ते पुन्हा एकदा म्हणावं लागलं.

झालं ते एवढंच. माझी मुलगी उत्कर्षा, वय वर्षं पंधरा, हिच्या दातांच्या तारा आवळून घेऊन आम्ही घरी चाललो होतो. तारा आवळल्या की तिला दोन दिवस काही चावता येत नाही, म्हणून तिच्यासाठी घेतलेलं ब्रेत्सेल मी खात होतो. बापाच्या कर्तव्यांपैकी हे एक मी कधी चुकवलेलं नाही. आमचा थांबा यायला दोन थांबे राहिले असताना एक माणूस चढला. चाळिशीच्या आतला, स्वच्छ जॅकेट घातलेला, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून लीकचे, म्हणजे इथल्या जाड कांद्याच्या पातीचे, हिरवे शेंडे बाहेर आलेले. म्हणजे घरी सूप होणार होतं. तो आमच्यावरून पुढे गेला, थांबला, परत आला, आणि समोर उभा राहून त्यानं उजवा हात वर केला आणि हिटलरच्या काळातले, या देशात जे दोन शब्द उच्चारायला कायद्यानं बंदी आहे ते उच्चारले. रागानं नव्हे. पोस्टमन पार्सल देतो तसे. हात मात्र खांद्यापासून बोटांपर्यंत अगदी सरळ होता. मी एका कंपनीत भिंगं तपासतो, प्रकाशाच्या लाटेच्या दहाव्या हिश्श्याइतका वाकडेपणा शोधण्याचा मला पगार मिळतो, म्हणून हे अधिकारानं सांगतो.

मी म्हणालो, “जय भीम.”

तो म्हणाला, “वास?” म्हणजे काय. मी घास गिळला, पाठ ताठ केली, आणि वर्गात हजेरी देतात तशा खणखणीत आवाजात पुन्हा म्हणालो, “जय भीम.” यावर त्यानं मला मारलं. पहिला ठोसा चष्म्यावर बसला. दुसरा कुठे बसला ते आठवत नाही, कारण तोवर मी खाली होतो आणि बरगडीत बूट बसत होते. दोनदा. ज्यानं त्यानं आपापल्या देशात जावं अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. मग दारं उघडली आणि तो पिशवी सांभाळत उतरून गेला. लीकचं एक पान खाली पडलं होतं. समोरच्या आजीबाई माझ्याकडे वाकून म्हणाल्या, “अशांना उत्तर द्यायचं नसतं.” वाईट हेतूनं नाही, माझ्याच भल्यासाठी. एका विद्यार्थ्यानं कागदी रुमालांचं अख्खं पाकीट दिलं. ड्रायव्हरनं स्पीकरवरून विचारलं, पोलिसांना बोलवू का? मी जमिनीवरूनच, काचा वेचता वेचता म्हणालो, “नाईन, नाईन, आलेस गूट.” सगळं ठीक आहे. माझं जर्मन उच्चारण त्या दिवशी फार स्वच्छ आलं.

आम्ही उतरलो. उत्कर्षाचे ओठ पांढरे पडले होते. तिला मराठी सगळं समजतं. बोलते मात्र जर्मन. ती जर्मनमध्ये म्हणाली, “पप्पा, तू त्याला नमस्कार का केलास?” मी म्हणालो, “तो नमस्कार नव्हता.” ती म्हणाली, “तू प्रत्येक काकाला फोनवर पहिल्यांदा तेच म्हणतोस.” बिनचष्म्याचा मी तिच्या दंडाला धरून चालत होतो आणि तिला वाटत होतं की मी तिला धीर देतोय.

आता एक लाजेची गोष्ट. मी ट्रामच्या फरशीवर पडलो तेव्हा मला सगळ्यात आधी आठवला तो चंद्रशेखर देशमुख, आणि ती आठवण प्रेमळ होती. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी माझे वडील, दादाराव मास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. शाळा गावाच्या त्या टोकाला, आम्ही या टोकाला, मध्ये पार. रोज संध्याकाळी वडिलांची सायकल पारावरून जायची आणि पारावरचं कुणीतरी हात वर करून मुद्दाम लांबवून म्हणायचं, “राम राम ओ मास्तर.” सायकल न थांबवता, एक हात हँडलवरून काढून वडील म्हणायचे, “जय भीम.” अकरा वर्षं. मी मागे कॅरिअरवर बसायचो. कॅरिअरला पोत्याचा तुकडा बांधलेला असायचा, त्याला खडूचा आणि गोडेतेलाचा मिळून एक वास होता, तो जगात दुसरीकडे कुठे भेटला नाही. येनात इतकी वर्षं काढली, एवढ्या प्रयोगशाळा हुंगल्या, पण नाही. वडिलांचा नियम होता: घातलेला नमस्कार खाली पडू द्यायचा नाही, आणि उचलताना वाकायचं नाही. हे त्यांनी मला पाढ्यांबरोबर शिकवलं. एकोणतीसचा पाढा मी विसरलो, हे राहिलं. कुणी समोर येऊन हात उचलला की माझं तोंड उघडतं. त्यात शौर्य वगैरे काही नाही. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, त्यातला प्रकार.

अठ्ठ्याऐंशी साली, मी अकरा वर्षांचा असताना, या रामरामाच्या बाराव्या वर्षी, पारावरच्यांचा धीर सुटला. चौघं होते. पुढे चंद्रशेखर, वडिलांचाच विद्यार्थी, गणितात दोनदा नापास झालेला आणि तिसऱ्यांदा वडिलांनी घरी बसवून शिकवल्यावर पास झालेला. त्यानं सायकल धरली आणि म्हणाला, “मास्तर, चष्मा द्या इकडं.” वडिलांच्या नाकावरून त्यानं स्वतः, दोन्ही हातांनी, कान न ओढता चष्मा काढला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग मारलं. आणि दुसऱ्या दिवशी चष्मा पांढऱ्या रुमालात बांधून घरी आला. ही मला आठवणारी गोष्ट. मारणाऱ्यालासुद्धा चष्म्याची किंमत होती. त्याला वडिलांचं नाव ठाऊक होतं, आजोबांचं ठाऊक होतं, आमच्या कोणत्या शेळीला कितवं करडू झालं तेही ठाऊक होतं. आणि इथे? इथे माझं नाव यशपाल जाधव आहे, मी डॉक्टरेट घेतली आहे, माझी भिंगं उपग्रहांत बसून वर फिरतात, यातलं काही न विचारता एक सूप करणारा माणूस मला मारून गेला. चार दिवस माझ्या मनात हेच चाललं होतं. मार लागल्याचं दुःख नव्हतं. अनोळखी माणसानं मारल्याचं होतं.

घरी हर्षानं, माझ्या बायकोनं, गोठवलेल्या मटारची पिशवी गालावर धरली आणि एक शब्द बोलली नाही. हर्षा नागपूरची, ती बोलत नाही तेव्हा घाबरायचं असतं. उत्कर्षा म्हणाली, पोलिसांत आनत्साइगे द्यायची, म्हणजे तक्रार, आत्ताच. हर्षा म्हणाली, “आपला नागरिकत्वाचा अर्ज चौदा महिने पडलाय. त्यात पोलिसांचा कागद? तक्रार करणारा कोण नि मारणारा कोण, फाइलीत कोण बघतं? नावापुढे पोलीस लिहिलेलं दिसतं फक्त.” मग माझ्याकडे वळून, “अहो, तुमचं काय?” मी म्हणालो, “सोमवारपर्यंत विचार करू.” कोणतीही गोष्ट सोमवारवर ढकलली की ती सुसंस्कृत वाटू लागते.

शुक्रवारी ऑफिसात मी सांगितलं की सायकलवरून पडलो. माझा सहकारी गंभीर झाला. “हेल्मेट होतं?” मी म्हणालो, नव्हतं. त्यानं मान हलवली आणि हेल्मेट का घालावं यावर मला दहा मिनिटं सांगितलं, आकडेवारीसह. इतक्या कळकळीनं माझ्याशी त्या आठवड्यात कुणी बोललं नव्हतं. माझं काम असं, की काचेवरचा प्रत्येक ओरखडा बघून त्याला क्रमांक द्यायचा. अमुक क्रमांकापर्यंत चालतो, पुढचा माल परत. संडासाच्या आरशात मी गालाकडे तसं पाहिलं आणि ठरवलं, चालतो. नवा चष्मा यायला दहा दिवस होते. कपाटात परभणीचा, लग्नाआधीचा, जुन्या नंबरचा एक सापडला, तो लावून फिरत होतो. त्यातून येनाच्या टेकड्या जरा बसक्या दिसायच्या आणि लांबून येणारा प्रत्येक माणूस ओळखीचा वाटायचा.

शनिवारी दुधाला बाहेर पडलो आणि चौकात बसून राहिलो. आमची वसाहत म्हणजे जुन्या पूर्व जर्मनीच्या काळातल्या लांबलचक सिमेंटच्या इमारती. भाडं परवडतं, ट्राम दारात. याच भागातली तीन पोरं मोठी होऊन निघाली आणि त्यांनी देशभर हिंडून दहा माणसं मारली, त्यांतली बहुतेक परदेशांतून आलेल्या घरांतली. पहिला होता तो फुलं विकायचा. पोलीस कित्येक वर्षं मेलेल्यांच्याच घरच्यांना विचारत राहिले, तुमचं कुणाशी वैर होतं का. आता आमच्या चौकाला त्या फुलवाल्याचं नाव आहे. चौक छान आहे, बाकं आहेत. नऊ वर्षं मी त्यावरून दूध आणतो आणि पाटी लागल्यापासून ती वाचताना दर वेळी मनात म्हणतो, बिचारा. बिचारा म्हटलं की माणूस आपल्यापासून हातभर लांब होतो. त्या दिवशी बाकावर बसल्यावर बरगडी दुखत होती, तरी मी विचार करत होतो तो गावच्या विहाराचा. पत्र्याचं छप्पर, चुन्यात नीळ कालवून रंगवलेल्या भिंती, ज्यांना पाठ टेकली की सदरा निळा व्हायचा, आणि आई मग ती नीळ झटकायची नाही, म्हणायची राहू दे, आपलीच आहे. चौदा एप्रिलला कर्णा एकच होता आणि तो पाराच्या दिशेनं तोंड करून बांधायचे. गोड बुंदीची कळशी. आमचे लोक, आमचं टोक, आमचा पार, आमचे मारणारे. किती भरलेलं होतं सगळं, असं वाटलं. दूध आणायचं राहिलं.

रविवारी दुपारी चारुदत्त आणि मीनल चहाला आले. हे आधीच ठरलेलं होतं आणि जर्मनीत आधी ठरलेलं रद्द करायला माणूस मरावा लागतो. चारुदत्त पुण्याचा, सॉफ्टवेअरमध्ये. नऊ वर्षांची ओळख. पहिल्या भेटीत त्यानं विचारलं होतं, “जाधव म्हणजे कुठले?” मी म्हणालो होतो, परभणीकडचे. तो म्हणाला होता, “वा, वा.” जाधव हे आडनाव फार सोयीचं आहे, त्यात ज्याला जे बघायचं ते दिसतं. चारुदत्तला ठाऊक होतं. त्याला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. आणि आम्ही दोघं मिळून ते नऊ वर्षं एखाद्या काचेच्या भांड्यासारखं सांभाळत होतो. भेटलो की तो म्हणायचा, “नमस्कार, नमस्कार,” आणि मी म्हणायचो, “या, या.”

गाल बघून तो हळहळला. खरोखर हळहळला, माणूस वाईट नाही. उत्कर्षानं ट्राममधलं सांगितलं तेव्हा त्यानं कप खाली ठेवला. “अरे पण यशपाल, ते आपल्याला नाही मारत रे. ते त्या दुसऱ्या लोकांना मारतात, बोटीबिटीतून येणाऱ्या. तुला चुकून मारलं.”

“हो, पत्ता चुकला असेल,” हर्षा म्हणाली.

“तसं नाही वहिनी. आपण स्किल्ड लोक. आपण टॅक्स भरतो.”

“ते कपाळावर लिहून घेऊ या का? जर्मनमध्ये?”

मीनल मधे पडली. “अहो, त्यांना बोलू द्या ना. भाऊजी, तुम्ही काही बोललात का त्याला? उगाच नाही ना वादबीद...”

“काही नाही,” मी म्हणालो.

“डॉख,” उत्कर्षा म्हणाली. जर्मनमध्ये कुणी नाही म्हटलं की त्याला खोडायला हा एकच शब्द पुरतो. “पप्पा जय भीम म्हणाला. दोनदा.”

चारुदत्तनं चिवड्यातला एक शेंगदाणा उचलला आणि निरखून पाहिला. मला त्या क्षणी कळलं, की हात वर करून उभ्या राहिलेल्या त्या माणसासमोर जे सहज निघालं, ते या चिवड्यासमोर नऊ वर्षांत एकदाही निघालं नव्हतं. तिथे भीती कमी होती म्हणून असेल. मीनल म्हणाली, “चिवडा पातळ पोह्यांचा का हो? अगदी हलका झालाय.” हर्षा म्हणाली, “हो, पातळ पोह्यांचा. आणखी एक चहा टाकते.” घड्याळात पाच वाजून गेले होते. दुसरा चहा सगळ्यांनी फार सावकाश घेतला. जाताना दारात चारुदत्त घुटमळला, बूट घातले, परत एकदा नाडी बांधली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “काळजी घे रे. हेल्मेट-बिल्मेट घालत जा.” मला वाटतं त्याला दुसरंच काही म्हणायचं होतं.

सोमवारी, म्हणजे विचार करून ठेवायचा म्हणून ठरवलेल्या दिवशी, मी जेवणाच्या सुट्टीत वडिलांना फोन लावला. ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, परभणी शहरात माझ्या धाकट्या भावाकडे, अनुपकडे असतात. व्हिडिओ नको म्हणालो. सगळं सांगितलं. ते ऐकत होते. मागे आई कुणाला तरी गॅस बारीक कर म्हणत होती.

“उत्तर दिलंस का?” त्यांनी विचारलं.

“दिलं.”

“मोठ्यानं?”

“दोनदा.”

“दोनदा कशाला?”

“पहिल्यांदा तोंडात घास होता.”

“अरे घास गिळून बोलावं. शिकवलंय तुला.” मग, “पोरगी बरोबर होती?”

“होती.”

“आणि चष्मा?”

“फुटला. दादा, तरी आपल्याकडं बरं होतं एका अर्थी. चंद्रशेखरनं निदान चष्मा काढून ठेवला होता. रुमालात बांधून परत पाठवला होता.”

तिकडे खुर्ची करकरली.

“कोण म्हणतं पाठवला?” वडील म्हणाले. “तुझी आई गेली होती आणायला. भर बाराच्या उन्हात त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. दोन तास. मग गड्यानं आतून आणून जमिनीवर ठेवला, तो हिनं उचलला. रुमाल हिचाच. एक काच तडकलेली होती. त्या काचेतनं मी दोन वर्षं शिकवलं.”

मी काचेवरचे ओरखडे ओळखण्याचा पगार घेतो. दोन वर्षं मी रोज संध्याकाळी त्या चष्म्यासमोर बसून गृहपाठ केला. मला तडा आठवत नव्हता. रुमाल आठवत होता.

“आईला दे,” मी म्हणालो. आई, मीराबाई, फोनवर आली की आधी विचारते जेवलास का. जेवलो म्हणालो. विचारलं, खरं का गं हे?

“दोन तास कुठले, तासभर असंल. ह्यांना वाढवून सांगायची सवय. पाय लई पोळले तेवढं ध्यानात हाय. चपला हातात होत्या ना. त्यांच्या गल्लीत पायात घालायच्या नव्हत्या.” मग आवाज खाली आणून, “तुझं तोंड लई सुजलंय का रं?”

वडिलांनी फोन परत घेतला. “अजून एक सांगतो. ठाण्यात जमादारानं लिहिलं होतं, आपसी वादातून बाचाबाची. मी म्हणालो, आपसी कसलं, मी सायकलवर होतो. तो म्हणाला, मास्तर, तुम्ही उलट बोललात का नाही? बोललो. मग झालं की आपसी. सही करा, पोराला भूक लागलीय. तू दारात उभा राहून रडत होतास. मी केली सही.” ते खाकरले. “शाळेत रोज हजेरीपटावर सही करायचो. दर वेळी हात तिथं थांबायचा.”

माझं जेवण तसंच राहिलं. गाव एकदम रिकामं झालं. विहाराची नीळ, कॅरिअरवरचं पोतं, बुंदी, सगळं जागच्या जागी होतं, पण मध्ये भर उन्हात हातात चपला घेतलेली एक बाई उभी होती, आणि ती तिथे सगळा वेळ उभी होती. मीच तिच्या बाजूनं बघत होतो. तिच्या जागी मी चार दिवस चंद्रशेखरला उभा करून त्याचे उपकार आठवत होतो. आणि इकडे माझी मुलगी, जी मी तेव्हा होतो त्याच वयाची, म्हणजे थोडी मोठीच, आपल्या बापाला जमिनीवर पडलेलं बघून आली होती, ती चार दिवस नुसतं सूप पीत होती आणि मला वाटत होतं तारांमुळे. संध्याकाळी मी म्हणालो, “उत्कर्षा, उद्या शाळा सुटली की जाऊ या.” ती म्हणाली, “कुठे?” हे तिनं मराठीत विचारलं. हर्षा कणीक मळत होती. न वळता म्हणाली, “निळा शर्ट इस्त्री करून ठेवते. अर्जाचं काय व्हायचं ते होऊ दे.”

मंगळवारी सव्वातीनला आम्ही पोलीस ठाण्यात पोचलो. समोर तिशीतली, चेहऱ्यावर बारीक तांबूस ठिपके असलेली अधिकारी बाई होती. नम्र. तिनं पाणी विचारलं. सगळं क्रमानं घेतलं: वेळ, थांबा, जॅकेट, पिशवी, लीक. लीकपाशी तिनं वर पाहिलं आणि लिहिलं. तो नेमकं काय म्हणाला? उत्कर्षानं ते दोन शब्द सांगितले, सांगताना खाली बघून, आणि हात कसा होता तेही. “आणि तुम्ही काही म्हणालात?”

आलं. सदतीस वर्षांनी, सात हजार किलोमीटरवर, तेच वाक्य, फक्त खुर्चीला गादी होती. मी म्हणालो, हो. मी म्हणालो, जय भीम. “त्याचा अर्थ?” मी सुरुवात केली. मी भीम म्हणजे कोण यापासून सुरुवात केली, कायद्यापर्यंत आलो, पाण्यापर्यंत मागे गेलो, जर्मन विभक्त्या हातातून सुटत होत्या, बाईंची बोटं कीबोर्डवर अधांतरी होती. तेव्हा उत्कर्षा म्हणाली, “वाकण्याऐवजी आम्ही ते म्हणतो.” बाई म्हणाल्या, “गेनाऊ,” म्हणजे बरोबर, आणि टाइप केलं. माझी पंधरा वर्षांची मुलगी ‘आम्ही’ म्हणाली होती. मी पाणी प्यायलो.

छापलेला कागद समोर आला. मी परभणीचा चष्मा वर-खाली करत वाचला. तिसऱ्या ओळीत होतं: परस्पर शाब्दिक वादावादीनंतर.

मी पेन खाली ठेवलं. मी म्हणालो, यावर मी सही करणार नाही. माझा आवाज वर्गात हजेरी देतात तसा आला असावा, कारण पलीकडच्या टेबलावरच्यानं मान वर केली. मी म्हणालो, परस्पर काही नव्हतं. मी बसलो होतो. माझे वडील सायकलवर होते. यावर बाई जरा गोंधळल्या, पण मी थांबलो नाही. जमादार, सही, अकरा वर्षांचा मुलगा, भूक, हजेरीपट, तडकलेली काच, आईच्या चपला, सगळं सांगितलं. क्रियापदं जिथे पडली तिथे पडू दिली. उत्कर्षानं यातलं काहीच कधी ऐकलं नव्हतं. तिनं माझी बाही धरली होती. सही न करता उठावं लागलं तरी चालेल, अर्ज फेटाळला तरी चालेल, असं मी मनात पक्कं केलं, आणि पाठ इतकी ताठ केली की बरगडी ठणकली.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “असं बघा, ते तयार वाक्य आहे. मारामारी निवडली की कॉम्प्युटर आपोआप टाकतो.” त्यांनी ती ओळ निवडली आणि एक बटण दाबलं. ओळ गेली. “परदेशी असल्यामुळे हल्ला, असं घालते. चालेल?” प्रिंटरमधून नवा कागद आला, कोमट. एवढंच होतं ते. एक बटण. मी सही केली. सही चांगली आली. उत्कर्षानंही केली, साक्षीदार म्हणून, आणि तिच्या आडनावाचा शेवटचा फराटा थेट समासापर्यंत गेला.

“ट्राममध्ये कॅमेरा होता,” उत्कर्षा म्हणाली. “त्याचा चेहरा सगळा दिसला असेल. तो आमच्यासमोरच उभा होता.”

“हो, नक्कीच,” बाई म्हणाल्या. त्यांनी फोन लावला, दोन मिनिटं बोलल्या, एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, फोन ठेवला.

ट्राममधलं रेकॉर्डिंग बहात्तर तास ठेवतात. रविवारी संध्याकाळी सव्वापाचला ते आपोआप पुसलं गेलं होतं. तेव्हा आम्ही दुसरा चहा घेत होतो.